मिनिटाला अठ्ठावीस फेरे

पहिलं गाणं तीन मिनिटं एकेचाळीस सेकंदांनी संपलं, तेव्हा अंगद पगारे अजून ते सुरू व्हायची वाट पाहत होता. सावेडीतल्या त्याच्या बैठकीच्या खोलीत मार्चमधली दुपार पडद्याआडून आत घुसली होती, आणि समोरच्या टीपॉयवर वृषालीनं पुण्याहून आणलेलं सीडी वाजवायचं यंत्र हिरवे आकडे दाखवत बसलं होतं. दुसरं गाणं लागलं तेही तसंच, लगबगीनं, दारात चप्पल न काढता आलेल्या माणसासारखं. ‘बाबा, तुमचा तो बँड,’ असं म्हणून मुलीनं डबी हातात ठेवली तेव्हा त्यानं कव्हरावरचं नाव दोनदा वाचलं होतं. स्लेटयार्ड. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणगावातली चार पोरं. एकाहत्तर साली त्यांची पहिली तबकडी निघाली, ती कुणी घेतली नाही. दुसरीनं त्यांचं नाव झालं आणि पहिलीला सगळे विसरले. आता सव्वीस वर्षांनी कुणाला तरी उपरती होऊन ती सीडीवर पुन्हा काढण्यात आली होती. ‘जगाला दुसरी माहीत आहे, पण खरी वजनदार पहिलीच,’ हे मत अंगदनं फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये वीस वर्षं मांडलं होतं आणि एकदाही कुणी खोडलं नव्हतं. अख्ख्या नगर जिल्ह्यात दोन्हींपैकी एकही तबकडी कुणाकडे नसल्यामुळे हे मत चांगलं टिकलं होतं.

पण हे वाजत होतं ते काय होतं? गाणारा पोरगा मिसरूड न फुटल्यासारखा पातळ आवाजात ओरडत होता. ड्रम म्हणजे मांडणीवरून भांडी पडावीत तसे. अंगदच्या डोक्यात तेवीस-चोवीस वर्षं जे वाजत आलं होतं, त्यात ड्रमचा एकेक ठोका खाणीत धोंडा सोडल्यासारखा पडायचा, पडल्यावर थोडा वेळ तिथंच राहायचा, आणि मग विहिरीच्या तळाशी बसलेला कुणीतरी थोराड माणूस वर न बघता बोलायला लागायचा. तो माणूस या चकतीवर नव्हता. डबीतल्या पुस्तिकेत कुणा समीक्षकानं लिहिलं होतं की हा बँड इथे उत्साही आहे, उतावळा आहे, पुढे त्याला सापडलेलं वजन अजून त्याच्या अंगात आलेलं नाही. स्वयंपाकघरातून सत्यशीला म्हणाली, “बरं आहे की हो. तुम्ही तर म्हणायचा लई जड आहे, मेल्यावर ऐकायचं आहे. हे तर वरातीत चालेल.” वृषाली हसली. मग बापाच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. “आवडलं नाही का, बाबा?” तो म्हणाला, नव्यानं काढताना यांनी काहीतरी गडबड केलेली दिसते, वेग वाढवलाय. “कशाला वाढवतील?” ती म्हणाली. “आणि पाठीमागं वेळ छापलीय ना. तीन एकेचाळीस. बरोबर तेवढंच वाजलं.”

तीन एकेचाळीस हा आकडा त्यानं आज पहिल्यांदा वाचलेला नव्हता. खुर्चीत बसल्या जागी त्याला तो तांबूस कव्हराच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, बारीक अक्षरात दिसला. एकवीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातला अंगद कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच दोन दिवसांसाठी मागून आणतो, शेवगावच्या स्टँडामागच्या पत्र्याच्या खोलीत मांडी घालून बसतो, आणि वहीत लिहितो: पहिलं गाणं, चार मिनिटं वीस सेकंद. तीन वेळा मोजलं होतं, तीन वेळाची सरासरी काढली होती. मग कव्हर उलटून पाहिलं होतं. आणि निष्कर्षाच्या ओळीत, निळ्या शाईत, ‘छपाईची चूक’ असं लिहिलं होतं. इंग्रज दीडशे वर्षं हिशेबात चुकत आले, एवढ्यात ते सुधारतील कशाला, असा त्यामागे विचार होता. पुढे त्याच अंगदनं पोरांना वीस वर्षं शिकवलं की कंपनं सावकाश झाली की स्वर उतरतो. ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटून दाखवलं. आता त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला दोनशे एकवीस भागिले दोनशे साठ असं मांडलं. तबकडीनं मिनिटाला तेहतीस फेरे घ्यायला हवे होते. तिनं अठ्ठावीस घेतले होते. हे एवढं गणित करायला त्याला अर्धं मिनिट लागलं. खरं तर ते करायची गरजही नव्हती; गहिनीनाथनं ते तेव्हाच, सातवी नापास असताना, नुसतं कानानं केलं होतं.

गहिनीनाथ शेवगावातला लाऊडस्पीकरवाला. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, मोटारीची जुनी बॅटरी आणि बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर, एवढा त्याचा संसार. बायको, मालनबाई, नंतर आली. ती तबकडीही त्याचीच. नगरच्या कँपात कुणा बदलून चाललेल्या मिलिटरी साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथून त्यानं सिनेमाची गाणी असतील म्हणून एक अख्खं खोकं उचललं, आणि उघडून बघतो तर एकावरही नटी नाही. बाकीच्या तबकड्या त्यानं पतंगासारख्या वाटून टाकल्या. ही एक राहिली, कारण ती अंगदनं ऐकली. बहात्तरच्या दुष्काळाचं ते साल, गावात लग्न नव्हतं, जत्रेला भोंगा नव्हता, माणसं खडी फोडायला गेलेली, आणि सुट्टीवर आलेला अंगद रोज दुपारी त्या पत्र्याखाली. भोंगा काढून ठेवलेला, लहान डब्याच्या स्पीकरवर गाणं चाललेलं. बाहेर पांढरं ऊन, आत तो थोराड आवाज. त्याला वाटायचं, इतक्या लांब कुठंतरी कुणाला तरी आपल्या इथलं सगळं कळलेलं आहे: पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या घागरी, रांगेत आपल्या आईला वेगळं उभं करणारा हात, आणि त्यावर न बोलता खाली घातलेली मान. त्या संथपणात कसलीच घाई नव्हती. दुःखाला घाई नसते, असं तो वहीत लिहायचा. ते वय तसलं लिहायचंच असतं. गहिनीनाथ बाजूला बिडी ओढत बसलेला. पुढच्या वर्षी गावात पुन्हा लग्नं लागू लागली, तेव्हा एक दिवस तो म्हणाला, “अंगद्या, हे लई सावकाश फिरतंय. आतलं रबरी चाक झिजलंय, थाळी मागं ऱ्हातीय.” अंगदला झोंबलं. तो म्हणाला, हे बँडबाजाचं गाणं नाही, ते असंच असतं. “असंल बाबा,” गहिनीनाथ म्हणाला, “पर लग्नाची गानी बी आता असंच रडाया लागल्यात. नगरला गेलो की रबर आनतो.” आणि अंगद, ज्याची त्या यंत्रात दमडी गुंतलेली नव्हती, म्हणाला, “हात लावू नकोस त्याला. माझ्या सुट्टीत तर नाहीच.”

सीडी कधीच थांबली होती. वृषाली आत आईशी बोलत होती, या वर्षी चौदा एप्रिलला बाबांबरोबर शेवगावला आपणही जाऊ म्हणत होती. दरवर्षी तो जायचा. वस्तीतला पहिला प्राध्यापक. पत्रिकेवर नाव, गळ्यात हार, सतरा मिनिटांचं भाषण, ज्यात विज्ञाननिष्ठा हा शब्द कमीत कमी पाच वेळा. चौऱ्याहत्तरच्या चौदा एप्रिलवर त्याचं मन कधी जात नसे असं नाही. जायचं आणि चटकन परत फिरायचं, ओळखीच्या घरावरून जाताना दिवा दिसला तरी दार न वाजवता निघावं तसं. त्या वर्षी वस्तीला भोंगा द्यायला गावातला दुसरा कुणी तयार नव्हता. गहिनीनाथनं दिला. त्याआधीच्या वर्षीही त्यानंच दिला होता आणि त्याबद्दल गावानं त्याला दोन लग्नांतून काढून टाकलं होतं, हे त्यानं स्वतः कधी सांगितलं नाही. मिरवणूक निघायच्या वेळी बाबासाहेबांवरच्या गाण्याची तबकडी लावली. गाणं सगळ्या वस्तीला पाठ होतं. बायापोरं तालावर पाऊल टाकायला उभी. आणि भोंग्यातून ते गाणं असं ओढत, घसरत, रडत बाहेर आलं की आधी कुणाला कळेचना. मग मागून कुणीतरी पोरगं हसलं. पलीकडे रस्त्यावर गावातली दहाबारा माणसं उभी होती, तीही हसली. ते हसणं ऐकू आलं आणि वस्ती गप्प झाली. मुद्दाम करून वर ‘चुकून झालं’ म्हणायची रीत वस्तीनं इतक्यांदा पाहिली होती, की अशा वेळी चुकून झालेलं ओळखायला तिच्यापाशी काही साधन उरलं नव्हतं. भीमाआबा पुढे आले. सगळ्यांत वडीलधारे, छप्पन साली नागपूरला जाऊन आलेले. त्यांनी गहिनीनाथला विचारलं. “आबा, रबर झिजलंय आतलं,” तो म्हणाला आणि अंगदकडे बघू लागला. मग भीमाआबांनीही अंगदकडे पाहिलं. “अंगदा, तू शिकलेला हाय. रोज बसतो ह्याच्या मशिनीपाशी. बिघडलंय का ते?”

अंगदला त्या क्षणाबद्दल पुढे एक गोष्ट सांगता आली असती, स्वतःला तरी, की आपल्याला वाटत होतं ते आपण बोललो. वीसपंचवीस वर्षं त्यानं ती तशीच सांगितली होती. पण आज कागदाच्या कडेला ते भागाकाराचं उत्तर होतं, आणि वहीतली ती निळी ओळ होती. त्यानं तेव्हा ते गाणं ऐकलं होतं. ते ओढत होतं हे बहिऱ्यालाही कळलं असतं. मग ‘होय, बिघडलंय’ म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं, की पत्र्याखालच्या त्या सगळ्या दुपारी, तो विहिरीतला माणूस, ते लांबून आपल्याला ओळखणारं कुणीतरी, हे सगळं एका झिजलेल्या रबराचं काम ठरलं असतं. ते त्याला नको होतं. श्वास घेण्याइतका वेळ त्यानं घेतला. “मशीन ठीक आहे, आबा,” तो म्हणाला. मारहाण झाली नाही. कुणी शिवीही दिली नाही. भीमाआबांनी स्वतःच्या हातानं वायर काढली, गुंडाळली, गहिनीनाथच्या हातात दिली आणि म्हणाले, “जा बाबा. तुझं लई उपकार झालं.” मिरवणूक हलगीवर निघाली. गहिनीनाथ दोन भोंगे आणि बॅटरी हातगाडीवर घालून एकटा गेला. पुढच्या महिन्यात त्यानं शेवगाव सोडलं, कारण वस्तीला भोंगा देणारा म्हणून गाव त्याला बोलवत नव्हतं, आणि आता वस्तीही बोलवणार नव्हती. अंगदला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला.

गहिनीनाथ घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बसतो, हे त्याला ठाऊक होतं. औरंगाबादला जाताना एस्टी तिथून जायची आणि शुक्रवार असला की अंगद बाजाराच्या उलट्या बाजूची खिडकी धरायचा. त्या शुक्रवारी त्यानं कॉलेजात रजा टाकली. सत्यशीलेला म्हणाला, एकाला भेटून येतो. “सीडीवरनं काही झालंय का?” तिनं विचारलं. वीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याबद्दल बहुतेक गोष्टी कारण न कळता कळत. तो म्हणाला, “नंतर सांगतो,” आणि नंतर म्हणजे नक्की कशानंतर, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. फाट्यावर उतरला तेव्हा बाजार भरात होता. शेणाचा आणि कडब्याचा वास, टेम्पोतून उतरायला नाही म्हणणारी एक म्हैस, टॉवेलाखाली बोटं धरून चाललेले सौदे. ताडपत्रीखाली कासरे, दावी, म्होरक्या आणि घुंगरमाळा टांगलेल्या, आणि मधे गहिनीनाथ. केस पूर्ण पांढरे. शेजारी एक बाई सुतळी वळत होती. ती मालनबाई असणार.

“काय पायजे? गाय का बैल?”

“गहिनी, मी अंगद.”

“ते फाट्यावर उतरला तवाच दिसलं. गाय का बैल, ते इचारतोय.”

अंगदनं रस्त्यात वाक्यं तयार केली होती. सीडीपासून सुरुवात करायची, मग वेळ, मग भागाकार. त्यानं तसं केलं. गहिनीनाथ मधेच एका गिऱ्हाइकाला म्होरकी दाखवत होता, दुसऱ्याला घुंगरू वाजवून दाखवत होता, आणि अंगद थांबून थांबून बोलत होता. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे मशीन सावकाशच चालत होतं. तुझं खरं होतं.”

“आन हे मला सांगाया आलास व्हय? नगरवरनं? एस्टीनं?” गहिनीनाथनं बायकोकडे पाहिलं. “ऐकलं का, माझं खरं हुतं.”

“चांगलं झालं,” मालनबाई सुतळीवरून नजर न काढता म्हणाली. “आता निजंला बरं.”

“मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं,” अंगद म्हणाला.

“बोललास की. मीच बोललो नुसता, तू बोललेलं लोकांनी ऐकलं.” त्यानं एक कासरा उलगडून परत गुंडाळला. “नवं रबर पेटीतच हुतं माझ्या. पाडव्याला नगरला गेल्तो तवा आनलं हुतं. बसवाया पाच मिंटं.”

“मग बसवलं का नाहीस?”

गहिनीनाथनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तू म्हनला हुतास ना, हात लावू नको. आन तू जयंतीला सुट्टी काढून येनार हुतास. म्हनलं जाऊ द्या, ह्याची सुट्टी सरू दे, मग बसवू. तुला ते गानं तसंच लागायचं.”

घुंगरमाळा वाऱ्यानं थोड्या वाजल्या आणि थांबल्या. अंगदनं खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, जो स्वच्छ होता.

“मला सांगून काय हुनार?” गहिनीनाथ म्हणाला. “मला ठावंच हुतं. रबराचं बी आन तुझं बी. तुमच्या वस्तीतली मानसं दर बाजाराला येत्यात. त्या पल्याडच्याकडनं दावं घेत्यात. माझं दोन रुपयं सस्तं, तरी. पोरं पार नवी हायेत, त्यांना मी कोन ठावं न्हाई. पर बापानं सांगितलंय, ह्याच्याकडनं घ्यायचं न्हाई. तिथं जाऊन सांग.”

“भीमाआबा तर गेले.”

“छबूबाई हाय की. तिला समदं ध्यानात असतं.” मग एका गिऱ्हाइकाकडे वळून तो म्हणाला, “बोला मामा, गाय का बैल?”

कुकाण्यावरून शेवगावला जाणाऱ्या गाडीत अंगदला बसायला जागा मिळाली, आणि त्याबद्दल त्याला वाईट वाटलं. उभं राहावं लागलं असतं तर निदान काहीतरी सोसत चाललोय असं झालं असतं. बाहेर ज्वारी काढून उघडी पडलेली रानं मागे जात होती. त्यानं स्वतःशी ते गाणं म्हणून पाहिलं. कालपरवापर्यंत ते हवं तेव्हा डोक्यात लागायचं, परीक्षेच्या मॉडरेशन मीटिंगमध्ये, सासऱ्यांच्या मयतीत, कुठेही. आता तो थोराड माणूस बोलायला तोंड उघडी आणि मधेच तो पातळ पोरगा पळत सुटे. त्याला हेही जाणवलं की परत फिरायला कुकाण्याला गाडी होती आणि ती त्यानं पाहिली होती. पुढे विचार करत गेला: या वर्षी भाषणाला बोलवतील का? नाही बोलवलं तर सत्यशीलेला काय सांगायचं, वृषालीला काय सांगायचं? आपण वस्तीला दिलेलं काय होतं नेमकं? एक नाव पत्रिकेवर छापायला. आणि त्या नावानं एका माणसाचा धंदा घालवला होता, हे पत्रिकेवर कुठे छापणार?

छबूआत्या दारात सुपात डाळ निवडत बसली होती. वडिलांची चुलत बहीण, सत्तरीच्या पुढची, दोन दात शिल्लक. “जय भीम, अंगदा! आत्ताच कसा रं? जयंतीला अजून तीन आठवडं हायेत,” ती म्हणाली आणि खुशीत आली. पोरांनी यंदा त्याच्या नावाचं मोठं कापड रंगवायला टाकलंय, प्राध्यापकाच्या पुढे डॉक्टर लावायचं का न लावायचं यावर भांडणं चाललीयत. तो पायरीवर बसला. म्हणाला, आत्या, चौऱ्याहत्तर सालची जयंती आठवते का? भोंगेवाला गहिनीनाथ? तिचा हात सुपात थांबला. “त्यो? त्यानं आपली शोभा केली. माझ्या काखंत नात हुती तवा, गंगी, मी पाय टाकाया उभी ऱ्हायले हुते.” मग अंगद सांगू लागला. रबरी चाक झिजलं की थाळी कशी मागे पडते; बॅटरी; मिनिटाला तेहतीस फेरे आणि अठ्ठावीस फेरे; इंग्लंडातली तबकडी. त्याला स्वतःचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ ऐकू येत होता.

“ते चाकाचं ऱ्हाऊ दे,” छबूआत्या म्हणाली. “त्यानं मुद्दाम न्हाई केलं?”

“नाही.”

“आन तुला तवा ठावं हुतं?”

समोरच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी गोवऱ्या थापलेल्या होत्या. त्यावरच्या बोटांच्या खुणा तो बघत राहिला. “होतं,” तो म्हणाला.

“भीमाआबानं इचारलं तुला, समद्यांच्या म्होरं.”

“मी म्हणालो, मशीन ठीक आहे.”

छबूआत्यानं सूप खाली ठेवलं. ती रागावेल, रडेल, निदान उठून आत जाईल असं त्याला वाटलं. तिनं पदर सारखा केला आणि शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “लंकाबाई! ए लंकाबाई, हिकडं ये. तुझ्या म्हाताऱ्याला बी आन. ह्यो काय म्हनतोय ते ऐका.” लंकाबाई हाताला पीठ लागलेलंच घेऊन आली, मागून तिचा नवरा कारभारी काठी टेकत आला. “सांग,” छबूआत्या म्हणाली, “पयल्यापास्नं सांग.” त्यानं पहिल्यापासून सांगितलं. यावेळी इंग्लंड गळालं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून तिघेचौघे आले, काय झालं म्हणत, साहेब कसे काय आले म्हणत. त्यात एक तरुण होता, ज्याच्या बोटांना कापड रंगवल्याचा निळा रंग होता. “पुन्यांदा सांग,” छबूआत्या म्हणाली, “ह्येंनी ऐकलं न्हाई.” तो उठून उभा राहिला. बसून सांगण्यासारखं आता ते उरलं नव्हतं. रबर गळालं, फेरे गळाले. “मशीन सावकाश चालत होतं,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. मी नाही म्हणालो.”

मागे अजून माणसं येऊन उभी राहत होती.

“मोठ्यानं बोल,” छबूआत्या म्हणाली. “मागल्यांना ऐकू येत न्हाई.”